सांडणीच्या पोटातल्या गाठी

आमची सांडणी बंद पडली ती रेणावीच्या घाटात. वैशाख, दुपारचे बारा, आत दहा माणसं आणि टपावर कुणाच्या तरी रुखवताचं कपाट. घाट लागला तेव्हा काचेवर बासष्ट टक्के चार्जिंग दाखवत होती. एक वळण घेतलं, एकेचाळीस. दुसरं घेतलं, चार. तिसऱ्या वळणाला जी गप्प झाली ती झालीच. मागनं एक म्हातारा म्हणला, "जालिंदर, उतरून ढकलू का?" मी म्हणलं, "तात्या, ही डिझेलची जीप न्हाय. हिला ढकललं तर ती नुसती पुढं जाती, चालू होत न्हाय."

कपाट खाली घेऊन माणसं दुसऱ्या गाडीत घातली आणि मी सावलीत बसून आमच्या वहिनीला शिव्या घातल्या. मनातल्या मनात, पण पोटभर.

ते का, ते सांगतो. मी विटा-खानापूर वडाप मारतो. एसटी येईपर्यंत स्टँडवर माणसं गोळा करायची, गाडी भरली की सुटायचं, हा आपला धंदा. आधी चोरून चालायचं, आता सरकारनं परवाने दिलेत. डिझेलवर बंदी आली तेव्हा जुन्या जीपा भंगारात गेल्या आणि ही सांडणी नावाची गाडी आली. दहा शिटं, बॅटरीवरची. आमच्या भागातली निम्मी घरं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. माझा थोरला भाऊ तानाजी कोइमतूरला भट्टी लावून बसलाय. गाडीत निम्मा वाटा त्याचा, म्हणजे घरात असणाऱ्या शालनवहिनीचा. वहिनी ट्रॅक्टरवर हात बसवलेली बाई. तिनं सरळ सांगितलं, "वाटा हाय तर पाळी पण पायजे, भावजी." मग ठरलं. सकाळी सात ते एक मी, दीडनंतर संध्याकाळपर्यंत वहिनी.

पहिल्या दिवसापासनं स्टँडवर मला टोमणे. "जाल्या, वहिनी काय गाडीला पदराखाली झाकून चालवती काय रं?" तिची चालवायची रीत पण वेगळी. ती कुणाला हाका मारायची नाही. गाडी उभी करायची, वेळ सांगायची, त्या वेळेला सुटायची. भरो न भरो. मी म्हणायचो, हा धंदा नव्हे, ही शाळा झाली.

तर गाडी तिसऱ्याच वर्षी मेली, आणि दोघंच चालवणारे. माझा हात वीस वर्षांचा. मग बिघडवली कुणी? घरी गेलो, खुंटीवरची किल्ली काढून खिशात घातली. वहिनी भाकरी थापत होती. म्हणलं, "उद्यापासनं तुमची पाळी बंद."

तिनं वर बघितलं नाही. "गाडीच बंद हाय, तर पाळी कुठली चालू ऱ्हायली?" एवढंच.

वॉरंटी आठ वर्षांची. म्हणलं, घाबरायचं काय कारण? गाडी ओढून सांगलीच्या शोरूमला नेली. तिथं सागावकर म्हणून सर्व्हिसचे साहेब. माणूस गोड. पहिल्या फेरीला चहा पाजला, गाडीत कसलं तरी सॉफ्टवेअर भरलं, म्हणले झालं. गाडी तासगावच्या अलीकडं परत मेली. दुसऱ्या फेरीला म्हणले, तुम्ही घरच्या सॉकेटवर चार्ज करत असणार. मी आमच्या गावच्या चार्जिंगवाल्याचं पत्र आणलं. तिसऱ्या फेरीला चहा आला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"निकम, बॅटरीचा गैरवापर झालाय. वॉरंटीत बसत नाही."

"कसला गैरवापर? म्हैस धुतली काय मी तिच्यात?"

"ते बॅटरी सांगेल. व्रणवाचन मागा, म्हणजे बॅटरीच्या पोटातल्या जखमा वाचून घ्या. तो तुमचा हक्क आहे."

बॅटरी नवी घ्यायची म्हणजे जवळजवळ गाडीच नवी घ्यायची. ते आम्हा दोन्ही घरांना जमणारं नव्हतं. वॉरंटी नाही मिळाली तर सांडणी भंगारात, परवाना परत, आणि तानाजीनं तिकडं भट्टीपुढं घाम गाळून धाडलेला पैसा मातीत. म्हणून व्रणवाचन मागितलं. कागदावर लिहिलेलं होतं की गाडी चालवणारे सगळे हजर पाहिजेत. तेव्हा वहिनीला घेऊन गेलो. एसटीत ती खिडकीशी बसली, मी तीन शिटं सोडून.

वाचन करायला आलेली मुलगी शोरूमची नव्हती, सरकारनं नेमलेली होती. रुबीना शिकलगार. तीस-बत्तिशीची, पायात मळके बूट, मनगटाला ग्रीस. आल्या आल्या गाडीखाली शिरली आणि बाळंतपणाच्या दवाखान्यात सोनोग्राफी करतात तसलं एक यंत्र सांडणीच्या पोटाला लावलं. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलायला लागलं.

मी म्हणलं, "मॅडम, आम्हाला कळंल असं सांगा. मी सातवीतनं सुटलेला माणूस."

ती खाली बसूनच बोलली. "काका, ह्या बॅटरीत पाणी नाही, ऍसिड नाही. घट्ट लगदा आहे. चार्ज केला की फुगतो, वापरला की आकसतो. असं रोज होऊन त्याला तडे जातात, केसापेक्षा बारीक. जुन्या बॅटऱ्या ह्या तड्यांनीच मरायच्या. हिच्या लगद्यात एक चीक मिसळलाय. गाडी मिनिटभर उभी राहिली की चीक त्या तड्यात उतरतो आणि घट्ट होतो. बाभळीला कुऱ्हाड लागल्यावर डिंक येतो ना, तसं. म्हणून तर कंपनी आठ वर्षांची वॉरंटी देते."

"मग बिघडलं कुठं?"

"चीक घट्ट व्हायला अठरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ बॅटरीतनं करंट जाता कामा नये. दिवे-पंखे वेगळ्या छोट्या बॅटरीवर आहेत, त्यांचं काही नाही. पण चाक फिरलं, एक फूट जरी फिरलं, तरी ओल्या चिकातनं करंट जातो आणि तिथं गाठ होते. गाठीतनं पुढं कधीच करंट जात नाही." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. पांढरे ठिपके. ज्वारीच्या कणसासारखे गच्च. "तुमच्या गाडीत अशा एकेचाळीस हजार आहेत."

सागावकर साहेबांनी 'बघा' असं तोंड केलं.

मी विचारलं, "हे गाडीच्या कंप्युटरात न्हाई व्हय लिहिलेलं? पोटात कशाला बघायचं?"

"कंप्युटर कंपनीचा असतो, काका. त्यातली नोंद कुणी बदलली, कुणी नाही, ह्यावर ग्राहक कोर्टात भांडणं व्हायला लागली. शेवटी ठरलं की बॅटरीची स्वतःची साक्ष घ्यायची. तिला खोटं बोलता येत नाही. प्रत्येक चार्जिंगला एक थर बसतो, थरांवरनं दिवस कळतो. गाठ भरल्या बॅटरीत पडली की उतरलेल्या, तेही कळतं. आणि पॅडलवर पाय जसा पडला तसा करंट येतो, तसाच गाठीला आकार येतो. माणसामाणसाचा पाय वेगळा."

आमच्या तानाजीला मुशीत सोनं वितळताना बघितलंय मी. दागिन्यात सोनारानं काय काय घातलंय ते सगळं तिथं वर येतं. मला वाटलं, आता वहिनीचं वर येणार. खरं सांगायचं तर मनात जरा बरंच वाटलं.

रुबीना म्हणली, "ह्या गाडीवर दोन पाय आहेत. एक आणि दोन अशी नावं देते मी. दोन नंबरचे सांधे, म्हणजे भरून आलेले तडे बघा, काचेसारखे साफ. तीन वर्षांत वीस-बावीस गाठी असतील, त्या पण सिग्नलच्या. बाकी सगळ्या एक नंबरच्या. आणि ह्या एक नंबरची एक गंमत आहे. गाडी उभी राहते. दोन मिनिटांनी पुढं जाते, दोन-अडीच फूट. थांबते. मग मागं येते. परत थांबते. परत पुढं. रोज, तास-तास. मी असलं कधी बघितलं नाही. गाडी झुलत असल्यासारखं. काका, हे काय आहे?"

मी माझ्या उजव्या पायाकडं बघितलं.

तुम्ही वडापनं गेला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे. उभ्या गाडीत कुणी बसत नाही. माणसाला वाटतं, ही कवा सुटायची कुणाला ठाऊक. म्हणून ड्रायव्हर काय करतो, गाडी जरा पुढं घेतो. 'चला चला, निघाली, खानापूर, निघाली!' ओरडतो. लांबनं येणारा माणूस पळत येऊन बसतो. तो बसला की गाडी गपकन मागं. दोन मिनिटांनी परत पुढं. माझ्या बानं असंच केलं, मी असंच केलं. वीस वर्षांत माझा पाय हे आपोआप करायला लागलाय. घरी जेवायला बसलो तरी उजवा पाय हलतो.

"गाठी कवाच्या हायत?" मी विचारलं. उत्तर ठाऊक होतं.

"सगळ्या भरल्या बॅटरीतल्या. चार्जिंग काढल्यापासनं पहिल्या पाच-सहा तासांतल्या."

म्हणजे सकाळच्या. मी वहिनीकडं बघितलं. ती भिंतीवरचं नव्या गाडीचं चित्र बघत होती.

"एक नंबर कोण, दोन कोण, हे मी लिहीत नाही," रुबीना म्हणली. "नाव मालकानं शपथेवर सांगायचं असतं." आणि बाहेर हात धुवायला गेली.

सागावकर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. आवाज परत पहिल्या फेरीसारखा गोड.

"निकम, मी तुमच्या भल्याचं सांगतो. नमुना सात म्हणून एक फॉर्म आहे. मालकाच्या नकळत दुसऱ्या कुणी गैरवापर केला असेल तर कंपनी एकदा बॅटरी बदलून देते. मालक कोण? तुम्ही. कागदावर तुमचंच नाव आहे. एक नंबरपुढं त्या बाईंचं नाव घाला, सही करा. पंधरा दिवसांत गाडी दारात."

"आणि वहिनीचं काय?"

"त्यांच्या लायसनवर खूण होईल. सांधणाऱ्या बॅटरीची गाडी चालवता येणार नाही."

"अजून पाच वर्षांनी दुसरी कसली गाडी ऱ्हाणार हाय का रस्त्यावर?"

साहेबांनी पेन पुढं सरकवलं. "त्या कुठं कायम चालवणार आहेत? घर सांभाळतील."

मी फॉर्म घेऊन बाहेर आलो. वहिनी गेटाजवळच्या बाकड्यावर बसली होती. दोन चहा सांगून ठेवलेले. मी काय बोलायच्या आधीच म्हणली, "घाला माझं नाव."

"तुमाला कसं कळलं?"

"केबिनला काच हाय, भावजी. साहेबाचं बोट माझ्याकडं वळलेलं दिसलं." चहा बशीत ओतला. "मी दीडला गाडी घ्यायला येती. रोज पाऊण तास आधी येऊन स्टँडवरच्या झाडाखाली उभी ऱ्हाती. तीन वर्षं बघती तुमची फुगडी. कुणाचा पाय हाय ते मशीननं सांगायची गरज न्हवती मला."

"मग घरी का न्हाई बोलला?"

"तुमी इचारलं व्हतं? किल्ली काढली, खिशात घातली." ती फुंकर मारत चहा प्यायली. "घाला नाव. दोन घरं चालत्यात त्या गाडीवर. माझी पाळी तर तुमी आधीच बंद केलीया. त्यात आनी काय जायाचं हाय माझं?"

त्यापेक्षा बाईनं शिव्या दिल्या असत्या तर मी सही केली असती बघा. खरंच केली असती. शिव्यांना उत्तर देता येतं.

बशी खाली ठेवली आणि आत गेलो. रुबीना कागद लावत होती. तिच्याच पेननं एक नंबरपुढं लिहिलं, जालिंदर विष्णू निकम. दोन नंबरपुढं, शालन तानाजी निकम. अक्षर माझं वाकडंच आहे, त्या दिवशी जास्त वाकडं आलं.

सागावकर साहेब कपाळाला हात लावून बसले. "झालं. स्वतःच्या हातानं वॉरंटी मारलीत तुम्ही."

आता मला राग आला. "साहेब, कोन मारतंय? विट्याच्या स्टँडवर मांडव टाकून तुमच्याच मानसांनी ह्या गाड्या इकल्या. एक न्हाई, सात. चार दिवस ती पोरं आमच्या गाड्यांच्या गराड्यात बसलेली. आमी गाडी कशी भरतो ते काय डोळं झाकून बघत व्हती? आनी दारावर लिहिलंय 'प्रवासी वाहतुकीसाठी'. आमची प्रवासी वाहतूक अशीच असती!"

"पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. पान एकशे बारा. विश्रांती काळ अठरा मिनिटं."

"एकशे बारा पानं वाचायची असती तर मी सातवीत नापास झालो असतो काय?"

रुबीना हसली. मग एकदम गंभीर झाली. "काका, थांबा. चीक ओला आहे हे गाडीला कळतं. आत सेन्सर असतो. तुम्हाला कधी समोर दिवा दिसला? आवाज? काही?"

"काय बी न्हाई."

ती साहेबांकडं वळली. "पहिल्या नमुन्याच्या गाडीत पिवळा दिवा होता ना? मी बघितलाय. काढला का?"

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. म्हणले, "अठरा मिनिटं हलवू नका म्हणणारी गाडी कोण विकत घेईल, मॅडम?"

त्या दिवशी पहिल्यांदा तो माणूस खरं बोलला असं मला वाटलं. आणि त्याचा रागही थोडा उतरला. त्याला पण वरनं कुणीतरी पुढं-मागं झुलवत असणार.

रुबीनानं माझा सगळा जबाब लिहून घेतला. गाडी कशी पुढं घेतो, का घेतो, कुणाकडनं शिकलो. म्हणली, "गैरवापर म्हणजे जे सहसा कुणी करत नाही ते. सगळेच करत असतील तर तो वापर. पण मला ते दाखवावं लागेल. तुमच्या स्टँडवर येते."

आली. दोन दिवस पानपट्टीच्या सावलीत खुर्ची टाकून बसली आणि वहीत खुणा केल्या. कोण किती वेळा पुढं, कोण किती वेळा मागं. मग बाकीच्या सहाही सांडण्यांच्या पोटाला यंत्र लावलं. सगळ्यांत गाठी. कुणाच्यात तीस हजार, कुणाच्यात पन्नास. दोन तर महिन्याभरात घाटात मरायच्या बेतात होत्या.

स्टँडवरचे माझ्यावर उखडले. "जाल्या, तुझ्या खऱ्याच्या नादात आमची पण वॉरंटी घालवतोस काय? लिहायचं हुतंस वहिनीचं नाव, गप पडलं असतं." त्यांचं चूक नव्हतं. रुबीनाचं म्हणणं वर मानलं नाही तर सात गाड्या एकदम बाद होणार होत्या. मला झोप लागायची नाही. दुसऱ्याच्या टेम्पोवर बदली ड्रायव्हर म्हणून जायला लागलो. वहिनी द्राक्षबागेत रोजानं जायला लागली. सांडणी शोरूमच्या मागच्या अंगणात धूळ खात. घरात वहिनी मला वाढायची, मी जेवायचो. बोलणं मीठ-भाकरीपुरतं.

मी तिला 'चुकलं' म्हणायला पाहिजे होतं. कागदावर लिहिलं, शपथेवर लिहिलं, अख्ख्या शोरूमपुढं लिहिलं, पण चुलीपुढं बसून तोंडानं म्हणायला जमेना. वाटायचं, लिहिलंय की. कळलंच असंल की तिला.

अडीच महिन्यांनी निकालाचा कागद आला. वहिनीनं वाचून दाखवला, तिचं शिक्षण माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त. वडापच्या धंद्यात गाडी अशी हलवणं हा सर्वसाधारण वापर, विकणाऱ्याला तो ठाऊक असायला हवा होता, आणि धोका कळत असून गाडीनं सांगितलं नाही, ही गाडीतली खोट. सातही गाड्यांना वॉरंटीत बॅटरी. प्रत्येकीला पिवळा दिवा बसवायचा, फुकट. वाचून झाल्यावर तिनं कागद घडी करून देवापुढं ठेवला आणि भाजी निवडायला बसली.

गाडी आणायला दोघं गेलो. सागावकर साहेबांनी चहा पाजला. किल्ली माझ्यापुढं धरली. मी म्हणलं, "वहिनींकडं द्या." साहेबांनी दिली. वहिनीनं घेतली, शीट पुढं ओढलं, आरसा स्वतःच्या मापाचा केला. मी शेजारी बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्या गाडीत बिनकामाचा बसलो होतो.

तासगावच्या फाट्याला ती ऊस गाळणाऱ्याजवळ रस पिऊ म्हणून थांबली. मिनिटभरात समोर पिवळा दिवा लागला. बारीक, ज्योतीएवढा. तिनं किल्ली काढून मांडीवर ठेवली.

एक म्हातारी पिशवी घेऊन आली. "विट्याला जाती का गं? कवा सुटनार?"

माझ्या तोंडात 'निघालीच, निघालीच' आलं होतं. पाय पण उचलला होता. पण माझ्या बाजूला पॅडलच नव्हतं.

"अठरा मिनटांनी, मावशी," वहिनी म्हणली.

म्हातारीनं जरा विचार केला. "बरं," म्हणली आणि मागं बसली. तिच्यामागनं आणिक दोघं आले, त्यांना म्हातारीनंच सांगितलं, "अठरा मिनटांनी हाय." ते पण बसले. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही.

मी चप्पल काढून पाय खाली टेकवला. गाडीचा तळ कोमट लागला. आत चीक उतरत असणार. भाकरी उतरवल्यावर चुलीजवळची जमीन लागते तशी ऊब. तीन वर्षं रोज सकाळी ही ऊब माझ्या पायाखाली येत असणार, आणि मी तिला दोन मिनिटं पण टिकू दिली नव्हती.

वहिनी रसाचा ग्लास हातात घेऊन रस्त्याकडं बघत होती.

"वहिनी," मी म्हणलं, "माझं चुकलं."

तिनं दिव्याकडं बघितलं. पिवळाच होता.

"आत्ता कुठं सहा मिनिटं झाल्यात, भावजी," ती म्हणली. "बसा गप."